मेंदूचा मुका मार

मराठी भाषेत ‘मुका मार’ असा एक मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. रक्त आलेले नाही, कातडी फाटलेली नाही, हाड मोडलेले नाही. आणि तरीही आतून ठणका लागून राहिलेला असतो. उघडी जखम पाहणाऱ्याला काही सांगावे लागत नाही. ती स्वतःच बोलते. मुका मार लागलेल्या माणसाला मात्र आपले दुखणे शब्दांनी पटवून द्यावे लागते, आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला तरच ते खरे मानले जाते. शरीराच्या सर्व अवयवांमध्ये या मुक्या माराचे कोडे वैद्यकाला सर्वांत अधिक काळ सुटले नाही, ते मेंदूच्या बाबतीत. इंग्रजीत त्याला कन्कशन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जोराने हलवणे, हादरवणे असा आहे.

प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. माणूस डोक्यावर आपटतो. क्षणभर शुद्ध हरपते, कधी तीही हरपत नाही, नुसती डोळ्यांपुढे अंधारी येते. काही मिनिटांत तो उठून बसतो, नाव-गाव सांगतो, पाणी मागतो. बहुतेक माणसे काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत पूर्ववत होतात. पण सगळीच होत नाहीत. कित्येकांची डोकेदुखी महिनोन्महिने हटत नाही. झोप बिघडते, उजेड आणि गोंगाट सहन होत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही, क्षुल्लक कारणाने संताप येतो. घरची माणसे म्हणतात, “यांचा स्वभावच बदलला.” वैद्य तपासतात, आणि त्यांना काही सापडत नाही. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो: हे दुखणे मेंदूचे की मनाचे? की ते मुळी दुखणेच नव्हे, भरपाईसाठी किंवा कामाच्या चुकारपणासाठी घेतलेले सोंग? या प्रश्नाने न्यायालये, लष्करे आणि क्रीडासंस्था यांना दीर्घकाळ पेचात टाकले. मेंदूची छायाचित्रे घेण्याच्या आधुनिक कलेचे महत्त्व समजून घ्यावयाचे, तर आधी या प्रश्नाचा इतिहास पाहावा लागतो.

डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास प्राचीन आहे. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने इजिप्तमध्ये लक्झर येथे एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. १९३० साली जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास नकललेला, पण मुळात त्याहूनही जुना असा शस्त्रवैद्यकाचा ग्रंथ जगापुढे आला. त्यातील ४८ रुग्णवृत्तांतांची सुरुवात डोक्याच्या जखमांपासूनच होते. पुढे इ. स. ९०० च्या सुमारास पर्शियातील थोर वैद्य अल् राझी यांनी एक महत्त्वाचा भेद केला. कवटी फुटणे आणि मेंदूला इजा होणे वेगळे, आणि मेंदूचे कार्य काही काळ विस्कळीत होणे वेगळे, असे त्यांच्या लेखनातून दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या लँफ्रँक यांनी हाच विचार युरोपात मांडला.

मात्र मेंदूत प्रत्यक्ष काय घडते, हे कोणालाच सांगता येईना. १७०५ साली पॅरिस येथे अलेक्सी लित्र या शरीरशास्त्रज्ञाने एक विलक्षण हकीकत नमूद केली. देहान्ताची शिक्षा झालेल्या एका तरुण कैद्याने, चाकावर हाडे मोडून होणारे ते मरण टाळण्यासाठी, कोठडीच्या एका टोकापासून धावत जाऊन समोरच्या भिंतीवर डोके आपटले आणि तो तत्काळ गतप्राण झाला. लित्र यांनी त्याचे डोके उघडून पाहिले. ज्या आघाताने धडधाकट माणूस जागच्या जागी मेला, त्या आघाताची खूण मेंदूत कोठेतरी असलीच पाहिजे, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. पण मृत्यूचे कारण म्हणून बोट ठेवता येईल अशी जखम सापडली नाही. मेंदू हादऱ्याने बंद पडू शकतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, हा कोड्याचा गाभा त्या दिवशी स्पष्ट झाला.

एकोणिसाव्या शतकात हे कोडे शवविच्छेदनाच्या टेबलावरून न्यायालयात आले, आणि त्याचे कारण आगगाडी. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातातून प्रख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स वाचले. त्यांना मोठी जखम झाली नव्हती. जखमींची शुश्रूषाही त्यांनी केली. परंतु पुढे आगगाडीत बसले की त्यांना कापरे भरे, आणि ही भीती त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. असे प्रवासी असंख्य होते. १८६६ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी अशा रुग्णांविषयीची आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. हादऱ्यामुळे मज्जासंस्थेत सूक्ष्म बिघाड होतो, तो डोळ्यांना दिसत नसला तरी खरा असतो, असे त्यांचे म्हणणे. त्याला लोकांनी ‘रेल्वे स्पाइन’ असे नाव दिले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याचा प्रतिवाद केला: बिघाड अवयवाचा नसून भीतीचा आहे. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य होते, ही गोष्ट त्या काळच्या वाचकांच्याही नजरेतून सुटली नव्हती. पुरावा कोणाच्याच हाती नव्हता. त्यामुळे ज्याचे हितसंबंध जेथे, त्याची खात्री तेथे, असा प्रकार झाला.

पहिल्या महायुद्धाने हाच वाद हजारो सैनिकांच्या वाट्याला आणला. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वापरून तीन सैनिकांची हकीकत दिली. तोफगोळा जवळ फुटला, अंगाला ओरखडाही नाही, पण दृष्टी, स्मृती, वास आणि चव यांवर परिणाम झाला. ब्रिटिश लष्कराने अशा माणसांचे दोन वर्ग केले. शत्रूच्या प्रत्यक्ष स्फोटामुळे ज्याला हे झाले, तो ‘जखमी’. बाकीचा केवळ ‘आजारी’. पहिल्याला जखमेचा बिल्ला आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. दुसऱ्याला बहुधा नुसता संशय. १९१७ साली तर लष्कराने हे नावच वापरू नये असा आदेश काढला आणि ‘निदान अद्याप झालेले नाही, मज्जाविकार’ अशा अर्थाची चिठ्ठी सैनिकांच्या नावापुढे लागू लागली. त्याच वर्षी फ्रेडरिक मॉट यांनी बाह्य जखम नसताना मेलेल्या दोन सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांत टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव त्यांना आढळले. डोळा जेथे थांबला होता तेथे सूक्ष्मदर्शकाने एक पाऊल पुढे टाकले. पण सूक्ष्मदर्शकाला मेंदू मिळतो तो माणूस मेल्यावरच. जिवंतपणी दुखणे सांगणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

मृत्यूनंतरच्या या साक्षीची पुढची कडी अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या आखाड्यात सापडते. न्यूजर्सी राज्यातील न्यूअर्क येथे हॅरिसन मार्टलंड हे सरकारी वैद्यकीय परीक्षक होते. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग चढवणाऱ्या कामगार स्त्रियांच्या हाडांत विष भिनले आहे, हे दाखवून देणारे ते हेच. १९२८ साली त्यांनी मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला. ठोसे खाऊन खाऊन कित्येक योद्धे दारू न पिताच झिंगल्यासारखे चालतात, त्यांची जीभ जड होते, हात थरथरतात, बुद्धी मंदावते, हे प्रेक्षकांना आणि ठेकेदारांना पूर्वीच माहीत होते; त्यासाठी आखाड्यात हेटाळणीचे शब्दही रूढ होते. एका ठेकेदाराने मार्टलंड यांना अशा २३ जणांची यादीच दिली. जे गल्लीत ठाऊक होते ते वैद्यकाला मात्र नवे होते. १९७३ साली कोर्सेलिस आणि त्यांचे सहकारी यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून या ऱ्हासाचे तपशीलवार वर्णन केले.

दरम्यान ऑक्सफर्ड येथे हादऱ्याचे यंत्रशास्त्र उलगडत होते. १९३५ साली ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मज्जाशल्यवैद्य होते. पुढे १९४१ साली त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. डेनी-ब्राउन आणि रिची रसेल यांनी १९४१ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले की डोके हलण्यास मोकळे असेल तर हादरा सहज बसतो. तेच डोके घट्ट आधार देऊन स्थिर ठेवले, तर तेवढ्याच ठोशाने तो बसत नाही. म्हणजे घातक गोष्ट ठोसा ही नव्हे, तर डोक्याच्या गतीत एकाएकी होणारा बदल. १९४३ साली होलबोर्न या पदार्थवैज्ञानिकाने कवटीच्या आकारात जिलेटिन भरून त्यावर प्रयोग केले. मेंदू दाबला जाण्यास कठीण, पण पिळवटला जाण्यास फार सोपा. डोके गर्रकन फिरले की त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कवटी शाबूत राहून आतला मेंदू कसा दुखावतो, याचे हे पहिले समाधानकारक उत्तर होते.

सरकणाऱ्या थरांत नेमके काय तुटते, ते ऑक्सफर्डच्याच सबिना स्ट्रिच यांनी १९५६ साली दाखवले. डोक्याला मार लागून अनेक महिने भानरहित अवस्थेत जगलेल्या पाच रुग्णांचे मेंदू त्यांनी तपासले. वरून पाहता फारशी इजा नव्हती; पण आतल्या पांढऱ्या भागातील मज्जातंतू दूरवर नष्ट झाले होते. हे तंतू म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या तारा. १९६८ साली ओपेनहायमर यांना सौम्य हादऱ्यानंतर दुसऱ्याच कारणाने मेलेल्यांच्या मेंदूतही अशा सूक्ष्म खुणा आढळल्या. पुढे आयुब ओम्माया आणि थॉमस जेनारेली यांनी याच दिशेने प्रयोग केले. ओम्माया यांचा जन्म अखंड हिंदुस्थानातील पंजाबात झाला होता, वैद्यकीय शिक्षण लाहोरला, आणि कर्तृत्व अमेरिकेत. त्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली: बहुतेक तंतू आघाताच्या क्षणी तुटत नाहीत. ते ताणले जातात, त्यांच्यातील क्षारांचा तोल बिघडतो, आतली वाहतूक तुंबते, आणि मग काही तासांनी वा दिवसांनी ते विलग होतात. पडल्यावर लगेच बरा वाटणारा माणूस दुसऱ्या दिवशी का बिघडतो, याचा काही उलगडा यातून होतो.

आता उरला होता एकच प्रश्न. हे सारे जिवंत माणसात पाहावयाचे कसे?

रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, पण त्यांना कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. १९१८ साली वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून छाया मिळवली. १९२७ साली एगाश मोनिश यांनी रक्तवाहिन्यांत द्रव सोडून त्यांची चित्रे काढली. दोन्ही उपाय रुग्णाला त्रासदायक आणि धोक्याचे होते. खरी क्रांती १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डन येथील अॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात झाली. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचे आडवे छेद कवटी न उघडता दाखवले. हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीत अभियंते होते. ज्या कंपनीच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ तबकड्या भारतातही घरोघर वाजत असत, तीच ही कंपनी. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडावयाचे आणि त्यांच्या हिशेबातून संगणकाने चित्र जुळवावयाचे, ही सीटी स्कॅनची युक्ती. त्यामागील गणित अॅलन कॉर्मॅक यांनी स्वतंत्रपणे मांडले होते. दोघांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राने अगणित प्राण वाचवले आहेत. कवटीच्या आत साठणारे आणि मेंदूला दाबणारे रक्त आता काही मिनिटांत सापडते आणि शस्त्रक्रिया वेळेवर होते. परंतु मुक्या माराच्या बाबतीत त्याने नकळत एक नवी अडचण निर्माण केली. मज्जातंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. सीटीच्या चित्रातील लहानात लहान कण त्याच्या शेकडोपट मोठा. साहजिकच हादरा बसलेल्या बहुतेकांचे चित्र निर्दोष येते. ‘या यंत्राला काही दिसले नाही’ या वाक्याचे ‘या माणसाला काही झाले नाही’ असे रूपांतर होण्यास वेळ लागला नाही. पूर्वी वैद्याचा डोळा ज्याला नाकारी, त्याला आता यंत्राचा कागद नाकारू लागला.

पुढचे पाऊल चुंबकाने टाकले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी आणि त्याच सुमारास पीटर मॅन्सफील्ड यांनी ज्याचा पाया घातला, ती एमआरआय पद्धत शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून चित्र मिळवते. या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक लाभले. तिच्यात सूक्ष्म रक्तस्रावांच्या खुणाही उमटतात. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, सौम्य दुखापतीचे १३५ रुग्ण पाहिले गेले. ज्यांचे सीटी चित्र निर्दोष होते, त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये दोष आढळला. ज्यांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले गेले असते, त्यांच्यापैकी चौघांत एकाला काहीतरी होते.

१९९४ साली पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ल् बिहाँ यांनी याच यंत्रातून आणखी सूक्ष्म रीत काढली. पाण्याचे कण सतत इतस्ततः हलत असतात. मज्जातंतूंच्या जुडीत ते तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. जसे शेतात सरीतून पाणी पुढे जाते आणि वरंबा त्याला बाजूला जाऊ देत नाही. वरंबे ढासळले की पाणी चहूकडे पसरते. पाण्याच्या कणांची ही ओढ मोजली की तंतूंची घडी शाबूत आहे की विस्कटली, याचा अंदाज बांधता येतो. स्फोटांत सापडलेल्या ६३ अमेरिकन सैनिकांची या रीतीने तपासणी झाली आणि निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांची सीटी आणि नेहमीची एमआरआय चित्रे निर्दोष होती. तरी नव्या मोजणीत, इतर जखमा झालेल्या २१ सैनिकांशी तुलना करता, मेंदूच्या ठरावीक भागांत फरक दिसला आणि काही महिन्यांनंतरही तो टिकून होता. शंभर वर्षांपूर्वी ‘जखमी’ की ‘आजारी’ अशी विभागणी झालेल्या सैनिकांच्या वारसांना हे मिळालेले उत्तर होते.

तथापि या उत्तराची मर्यादाही त्याच निबंधात होती. समूह म्हणून फरक स्पष्ट असला, तरी व्यक्तिशः पाहता योगायोगाने सापडतील त्याहून निश्चित अधिक दोष फक्त १८ सैनिकांत मिळाले. समूहाची सरासरी आणि समोर बसलेला एक माणूस यांत अंतर असते. निरोगी माणसांचे मेंदूही एकसारखे नसतात. वय, मद्य, पूर्वीची आजारपणे, इतकेच काय यंत्राची जातही मोजणीवर परिणाम करते. म्हणून अशा चित्राच्या आधारे एखाद्या व्यक्तीविषयी ‘याला हादरा बसला होता’ किंवा ‘बसला नव्हता’ असा निवाडा देणे अजून सुरक्षित नाही.

अमेरिकन फुटबॉलच्या कहाणीतून ही सावधगिरी अधिक पटते. माइक वेबस्टर हा नामांकित खेळाडू २००२ साली मरण पावला. पिट्सबर्ग येथील बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. बाहेरून तो जवळजवळ सामान्य दिसत होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली टाउ नावाच्या प्रथिनाची गुंतवळ सापडली. २००५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी व्यावसायिक संघांतील १११ खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ११० मेंदूंत हा ऱ्हास नोंदवला. मात्र ज्यांना त्रास होता त्यांच्याच कुटुंबांनी बहुधा मेंदू दिले होते, त्यामुळे सर्व खेळाडूंचे प्रमाण या आकड्यावरून काढता येत नाही. मग टाउला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून पीईटी यंत्राने जिवंतपणीच तो पाहण्याचा प्रयत्न झाला. २०१९ साली २६ माजी खेळाडू आणि ३१ इतर पुरुष यांची तुलना प्रसिद्ध झाली. खेळाडूंच्या मेंदूच्या काही भागांत टाउच्या खुणा अधिक होत्या. पण त्या खुणांचे प्रमाण आणि स्मृति-बुद्धीच्या चाचण्यांतील गुण यांत मेळ बसला नाही. आजही या ऱ्हासाचे निश्चित निदान मृत्यूनंतरच होते.

व्यवहार मात्र पूर्ण ज्ञानाची वाट पाहत थांबत नाही, आणि थांबूही नये. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय कसोटी क्रिकेटमध्ये डोक्याला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तपासणीत तो ठीक ठरला, परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसली आणि त्याच्या जागी मार्नस लबुशेन मैदानात उतरला. दुखावलेल्या माणसाचे शब्द गंभीरपणे घ्यावयाचे, हे येथे नियमाने मान्य केले. भारतात दुचाकीवरून पडणाऱ्यांची संख्या क्रिकेटपटूंहून कितीतरी मोठी आहे. शिरस्त्राणाची तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे, आणि अनेक जिल्ह्यांच्या गावी सीटी स्कॅनही होतो. पण निर्दोष चित्राचा कागद घेऊन घरी परतलेल्या माणसाची डोकेदुखी, विसराळूपणा आणि चिडचिड ही त्याच्या मालकाला, शिक्षकाला आणि कधी घरच्यांनाही ढोंगासारखी वाटते. रेल्वेच्या प्रवाशाला आणि खंदकातील सैनिकाला जे ऐकून घ्यावे लागले, तेच त्याला ऐकावे लागते.

लित्र यांनी कैद्याचे डोके उघडले त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. या काळात डोळ्याच्या मदतीला सूक्ष्मदर्शक आला, क्ष-किरण आले, चुंबक आला, किरणोत्सारी द्रव्ये आली. आणि प्रत्येक नव्या साधनाने मागच्या साधनाला न दिसलेले काही ना काही दाखवले. या इतिहासातून निघणारा धडा साधाच आहे. न दिसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे; त्याचप्रमाणे चित्रात दिसलेली प्रत्येक खूण हे दुखण्याचे कारणही नव्हे. मेंदूचे छायाचित्र हा एक मोलाचा साक्षीदार आहे. पण आणखी एक साक्षीदार त्याच्याही आधीपासून उभा आहे, आणि तो म्हणजे स्वतः रुग्ण. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणत्याही चित्राचा अर्थ पुरता लागत नाही.